उजवीकडची खुर्ची

रविवार, ९ फेब्रुवारी

चि. छकुलीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. पायऱ्या उतरताना गुडघा कुरकुरतो, बाकी कुरकुर करायला घरात दुसरं कुणी नाही. टाकी गळत होती ती प्लंबरने एकदाची दुरुस्त केली. वाचनालयातून एक जाडजूड प्रवासवर्णन आणलंय, बाई बर्फातून चाललीये आणि मी पांघरुणात. तुला झोप लागते का? बाळ लाथा मारतं म्हणून जाग येत असेल तर येऊ दे. फोनमुळे येत असेल तर मात्र तो दुसऱ्या खोलीत ठेव.

हे कागदावर लिहितेय म्हणून हसू नकोस. फोनवर लिहिलं की ते आपल्या दोघींतच राहत नाही.

बाबांचं खातं बंद झालं का, असं तू तीनतीनदा विचारलंस. मी टाकीचं सांगत राहिले. आता सांगते.

मेसेजच्या ॲपवाल्या कंपनीने गेलेल्या माणसांची खाती बोलती केली, त्यांचे जुने मेसेज आणि आवाज जोडून, घरच्यांना न विचारता. तुला ‘छकुले, जेवलीस का?’ आलं आणि तू फोन भिंतीवर फेकलास. बंद करायला पत्नीची सही लागते म्हणून तू अर्ज पाठवलास. सही मी त्याच दिवशी केली, शपथेवर सांगते. तेव्हा लोक कंपनीवर तुटून पडले होते. मीही लिहिलं होतं, ‘आमचा माणूस परत द्यायला तुम्ही कोण?’ ते खूप पसरलं. मग कंपनीकडूनच मेळाव्याचं आमंत्रण आलं. म्हटलं, बरं झालं, अर्ज हातात देऊ आणि तोंडावर चार शब्द सुनावू.

दारात एक मुलगी होती, तुझ्याच वयाची. मी अर्ज पुढे केला तर म्हणाली, “काकू, उन्हातून आलात. आधी चहा घ्या, मग बोलू.” साखर किती, तेही विचारलं. मी ‘अर्धा चमचा’ म्हटलं आणि अर्ज पिशवीत ठेवला.

आत सगळे माझ्यासारखेच. ज्यांनी जास्त शिव्या दिल्या त्यांनाच बोलावलं होतं. ‘आमच्या मेलेल्यांना नोकरीला लावलंत का?’ असं लिहिणारे ते बस ड्रायव्हर आठवतात? ते माझ्या पुढच्याच रांगेत, हातात बशी घेऊन.

मी म्हटलं, “काय हो, तुम्ही तर कंपनी जाळायला निघाला होतात.”

“अहो, घरी बसून जाळणं सोपं असतं,” ते म्हणाले. “इथे ती पोरगी दोनदा येऊन विचारून गेली, पंखा लागतोय ना म्हणून. तिला काय जाळू?”

मग हसले आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाले, “काय रे, खरं ना?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. प्रत्येकाशेजारी एकेक रिकामी खुर्ची होती, पाठीला छोटा स्पीकर लावलेली. व्यासपीठावर कुणी भाषण केलं नाही, तक्रारीचं कुणी नावही काढलं नाही. फक्त खुर्च्या बोलायला लागल्या, सगळ्या एकदम, पण हळू. शेजारच्या खोलीत पाहुणे गप्पा मारत बसलेत असं वाटावं, तसा आवाज. कुणी उठलं नाही. समोरच्या बाईने रिकाम्या खुर्चीवर आपली शाल घातली.

माझी रिकामी खुर्ची डावीकडे होती. तिच्यातून आवाज आला, “थकलीस का गं?”

आता हे लिहायचं नव्हतं मला. पत्र्याच्या कारखान्यात बाबांचा उजवा कान गेला, तेव्हापासून मी नेहमी त्यांच्या डाव्या हाताला. रस्त्यात, दवाखान्यात, तुझ्या लग्नातल्या फोटोतसुद्धा. छकुले, मी उठले, ती खुर्ची उचलली आणि माझ्या उजवीकडे ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, नाहीतर त्यांना ऐकू कसं येणार?

अर्ज पिशवीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी मेळाव्याचा फोटो आला. माझ्या उजवीकडे हे बसलेत, राखाडी शर्टात, मान जरा माझ्याकडे वाकवून, डावा कान पुढे करून. असा फोटो आपल्याकडे नाही. फोटो त्यांनी बनवला हे मला कळतं, मी काही खुळी नाही. जागा मात्र मी दाखवली.

मेळावा कशासाठी, तेही घरी आल्यावर कळलं. तिथे आमचं काही ऐकायचंच नव्हतं. आम्ही फोनवर जमाव होतो, त्यांनी आम्हाला एकेकाला पाहुणा केलं. पाहुणा आवाज चढवत नाही. त्या दिवसापासून ड्रायव्हरांनी एक ओळ वाईट लिहिलेली नाही. मीही नाही.

काल त्या मुलीचा फोन आला. पुढच्या मेळाव्याला नवे रागावलेले लोक येणार आहेत, दारात कुणीतरी वडीलधारं हवं. मी हो म्हटलं. मी नाही म्हणणार होते, पण हे म्हणाले, जा, चार माणसांत मन रमेल.

तू परवा कंपनीला जे लिहिलंस ते मी वाचलं. फार धारदार लिहिलंयस आणि फार पसरलंय. आता तुलाही आमंत्रण येईल. जाऊ नकोस. दारात मीच असेन, आणि तुला दमलेली पाहून म्हणेन, ‘छकुले, आधी चहा घे.’ मग तुझी खुर्ची कुठे ठेवायची ते मी त्यांना सांगेन, कारण तू लहानपणी बाबांच्या कुठल्या बाजूला झोपायचीस हे मलाच ठाऊक आहे.

सही केलेला अर्ज सोबत ठेवलाय. तारीख मुद्दाम टाकलेली नाही, तू टाक. आजच पोस्टात घाल. मी तो परत मागायच्या आत.

तुझी,
अजून तरी
आई