नूरीनच्या हळदीचा खालचा आवाज

सारसोळे, नेरूळ
१४ ऑक्टोबर १९९७

सकिना बाय,

पुतळाचा सलाम घे, मकबूलभाईंनाही दे. आम्ही इकडं खुशाल आहोत, तुम्हीही मस्कतला तशीच असा. आमचे कान्हाशेठ रोज द्रोणागिरीला गोदामावर जातात, दिवसभर ट्रेलरवाल्यांवर ओरडतात आणि घरी येऊन बोंबलाचं कालवण ओरपतात. म्हणजे तब्येत झकास.

शादाब येऊन गेला. तुझा भाऊ जाडा झालाय गो, सांग त्याला. खजूर, साबण, अत्तर आणि कॅसेट, सगळं पोचलं. अत्तर मी मासळी विकायला जाताना लावलं, तर बाजारात सगळ्या जणी नाक वर करून हुंगायला लागल्या. ‘पुतळाच्या पापलेटांना आज मोगऱ्याचा वास येतोय’ म्हणे. जळतात मेल्या.

आणि तुझ्या नूरीनचं लगीन! अगो, माझ्या पाटीतल्या चिंबोऱ्यांना काडी लावून पळणारी पोर ती, तिची हळद? मी टेप बंद केला, पदराला डोळे पुसले आणि परत लावला. डिसेंबरात, रमजानच्या आधी, पनवेलला. आम्ही सगळी येणार, आणि चांगली आधीपासून येणार. तुझ्या सासरच्यांना सांगून ठेव, कोळीण येतेय, मासळी दुसऱ्या कुणी आणायची नाही.

तू कॅसेटवर म्हणालीस, ‘पुतळा, माझा वरचा आवाज भरलाय. तो ऐक, मग तुझा खालचा भर नि शादाबबरोबर लावून दे. मी रोज त्याच्याबरोबर गाईन.’ शादाब पुढच्या मंगळवारी निघतोय. त्याच्या हातात कॅसेटच्या ऐवजी हा कागद बघून तू म्हणशील, पुतळा शिष्ट झाली. तसं नाही गो. टेपरेकॉर्डर बिघडलाय. आत काय ते झिजलंय म्हणतात.

आपल्या सुमेधाताईंचा गट जोरात आहे. समाजमंदिराला नवे पंखे लागले. नवरात्रात कार्यक्रम झाला, सेक्टरातली सगळी बिल्डिंगवाली आली होती. आपलं होडीचं गाणं तीन आवाजांत झालं. सुमेधाताईंनी पेटी वाजवता वाजवता मान हलवली, म्हणजे समज काय झालं असेल. तुला माहीत आहे, ती बाई कुणाला फुकट मान हलवत नाही. मी यंदा खाली खुर्चीवर बसले होते. स्टेजवर गर्दी होते ना.

तू मस्कतला गेल्यापासून गटातल्या पहिल्या दिवसाची आठवण फार येते. आपण दोघी हळदीकुंकवाला म्हणून समाजमंदिरात गेलो आणि गाण्यात अडकलो. आमच्या गावात बायका एका सुरात नाही, एका जोरात गातात. मी तशीच सुरू झाले तर सुमेधाताईंनी पेटीच बंद केली. ‘पुतळाबाई, हा लिलाव नाही’ म्हणाल्या. मला असा राग आला! उठून चालले होते, तू पदर धरून बसवलंस. मग त्यांनी तुला वरचा आवाज दिला, मला खालचा, आणि मी दर वेळी घसरत घसरत तुझ्याच चालीवर यायचे. शेवटी एका कानात बोट घालून गायला लावलं त्यांनी मला. तू हसत होतीस नालायके, तोंडाला ओढणी लावून.

पण जमलं त्या दिवशी काय झालं, ते तुला वेगळं सांगायला नको. शब्द तुझ्या खालामावशीचे, चाल माझ्या आयची, जुळवणी आपल्या दोघींची.

उंबऱ्याशी आली हळद, उठ गो माझे बाय
जाता जाता एक डाव मागं बघून जाय

त्या ‘बाय’वर सूर लांब धरायचा. दोघींनी एकदम श्वास घेतला तर गाणं तुटतं. म्हणून तू श्वास घेताना मी धरून ठेवायचे, तुझा भरला की मी घ्यायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, या बायांना श्वास लागतच नाही. तेव्हाच आपलं ठरलं होतं, जिची लेक आधी उजवेल तिच्या हळदीला दोघींनी गायचं. मला लेक नाही, म्हणजे नूरीनच्याच हळदीला गायचं होतं. हे ठरवताना मला केवढा आनंद झाला होता.

आता किती खोटं लिहू सकिना? टेपरेकॉर्डर बिघडलेला नाही. स्टेजवर गर्दी नव्हती. माझा आवाज गेला.

बसला नाही, गेला. गळ्यात गाठ झाली होती. तुला कळवलं नाही, म्हटलं परक्या मुलखात कशाला जिवाला घोर. जूनमध्ये ऑपरेशन झालं. गाठ चांगली नव्हती, पण सगळी निघाली. आवाजाची नस तिच्यात गुंतली होती, ती वाचवता आली नाही. डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं, त्यांना बोल नाही. अंगठा नाही, मीच चांगली सही केली होती. जीव वाचला हे खरं आहे, सगळे तेच सांगतात. ‘जीव वाचला ना, मग झालं.’ मी मान हलवते. मनात म्हणते, तुमचं काय जातंय बोलायला.

आता बोलले तर चुलीत फुंकर मारल्यासारखा आवाज निघतो. बाजारात पाटीवर कोयता आपटते, मग गिऱ्हाईक वळतं. ‘ताज्जं हाय’ म्हणून ओरडणारी मी, आता बोटानं पापलेटाचा कल्ला उघडून दाखवते. शेजारी तुझा फोन आला होता, तेव्हा मी आंघोळीला गेले नव्हते. दारामागं उभी होते. तुला ‘हॅलो’ म्हणायची हिंमत झाली नाही.

आणि कॅसेट.

हे लिहायचंच नव्हतं मला. पण तू विचारणार, आणि मला तुझ्याशी फार काळ खोटं बोलता येत नाही. तुझं ऐकून झालं की त्यावरच माझं भरायचं, माझं ऐकून झालं की त्यावर तुझं. तू गेलीस तेव्हापासून एकच कॅसेट फिरवली आपण. तूच म्हणाली होतीस, ‘म्हणजे दोघी एकाच घरात राहिल्यासारखं.’ मला ते फार आवडलं होतं. मे महिन्यात मी हळदीचं अख्खं गाणं गाऊन पाठवलं होतं, आठवतं? गाठ तेव्हा होती, पण आवाज ठणठणीत होता. तू ते ऐकलंस, रडलीस म्हणालीस, आणि आपल्या रिवाजाप्रमाणं त्यावर तुझा वरचा आवाज भरून पाठवलास.

एकटीनं गायलेलं माझं तेवढंच होतं गो. दुसरं कुठं काही नाही. सुमेधाताईंकडं गटाची रेकॉर्डिंगं आहेत, त्यांनी मला बसवून ऐकवली. पण त्यात मी कुठली, ते मलाच सापडत नाही. तेच तर शिकवलं होतं त्यांनी, कुणी वेगळी ऐकू यायची नाही. मी इतकी चांगली शिकले की आता मला मी मिळत नाही.

तू रडू नकोस. तुझी चूक नाही, रिवाज दोघींचा होता. तुझे किती आवाज मी पुसले असतील, सुरमई काय भावानं गेली ते सांगायला. पुढचं तर ऐक.

दुपारी कान्हा जेवून उठल्यावर मी जेवता जेवता तुझं गाणं ऐकत होते. तो बाहेर ओट्यावर जाळं विणत होता. सुट्टीच्या दिवशी त्याला अजून तोच छंद आहे. तुझं गाणं संपलं, तू ‘चला, खुदा हाफिज’ म्हणालीस आणि बटण दाबल्याचं वाजलं. मी उठले नाही, कारण हात भातानं माखले होते. आणि तुझं जिथं संपलं त्याच्या पुढं माझं जुनं राहिलं होतं. तुझं बोलणं माझ्यापेक्षा आखूड झालं होतं बहुतेक. माझाच आवाज आला, मोठा, मोकळा, ‘…मागं बघून जाय.’ मग खोकले, आणि म्हणाले, ‘बरं झालं काय गो? शादाब दारात उभा हाय, ठेवते.’ बस्स, तेवढंच.

बाहेरून कान्हा धावत आला. पायात जाळं अडकलेलं, तसाच. ‘आला?’ म्हणाला. ‘पुतळा, आला काय गो आवाज?’ त्याचा चेहरा बघितला असतास तर! लग्नात सुद्धा इतका खुश नव्हता तो. मी काय करणार? भाताच्या हातानं टेपरेकॉर्डरकडं बोट दाखवलं. तो उभाच राहिला. मग खाली बसला आणि पायातलं जाळं सोडवायला लागला. कितीतरी वेळ सोडवत होता. मी त्याला आजवर रडताना बघितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी कॅसेटच्या वरचे दोन्ही दात मोडून टाकले. आता त्यावर कुणाला काही भरता येणार नाही. म्हणून ती परत येत नाही सकिना. तू नवी घे. ही माझ्याकडं राहू दे.

आता कामाचं. तुझं गाणं मी बुडवलेलं नाही.

सुमेधाताई घरी आल्या होत्या. म्हणाल्या, ‘गळा गेला, कान कुठं गेलेत?’ मला वाटलं, या बाईला काळीजच नाही. मी हातानं दार दाखवलं. पुढच्या आठवड्यात परत आल्या, चहा मागून प्यायल्या आणि म्हणाल्या, ‘खालचा आवाज कुठं ठेवायचा हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. मी पेटीवर शोधते, तुम्ही गाऊन शोधलंय. पोरींना सांगणार कोण?’ तेव्हापासून जाते. हात वर-खाली करून सूर दाखवते, चुकलं की बाकावर थाप मारते. गाणी बसवायला शिकतेय म्हण. कुणाला कुठं उभं करायचं, कुठं सगळ्यांनी गप्प होऊन एकीला सोडायचं, हे आता मी ठरवते. परवा त्यांनी बसवलेलं एक कडवं मी सबंध उलटवलं. त्या चिडल्या, मग पेटीवर वाजवून बघितलं आणि तसंच ठेवलं.

नूरीनच्या हळदीला तुझ्याबरोबर मनस्वी गाईल. शिरवणे गावची पोर, बँकेत लागलीय, नवीनच आलीय गटात. आवाज खालचा, गोड, पण श्वास आखूड. म्हणून मी ‘बाय’वरची जागा बदललीय. तू आता एकदम श्वास घेऊ नकोस, दोनदा थोडा थोडा घे, म्हणजे तिला फार धरावं लागणार नाही. सुरुवात एक सूर खालून कर. पोर गुणी आहे, सांगितलं की ऐकते.

आणि खरं सांगू? मला तिचा हेवा वाटतो. ती गाते तेव्हा मी तिच्या गळ्याकडं बघते आणि वाटतं, ए, हे माझं आहे, दे परत. मग स्वतःचीच लाज वाटते आणि तिला घरून भरलेली पापलेटं नेऊन देते. तिला वाटतं, पुतळामावशीचा फार जीव आहे तिच्यावर. आहेही. दोन्ही आहे. रोज तिला माझी जागा शिकवायची आणि घरी येऊन कान्हाला म्हणायचं, छान चाललंय.

मला बोलणं जमत नाही, म्हणून पत्र लांबलं. तू घरी आलीस की मला मिठी मार, बोलायला लावू नकोस. माझ्याजवळ बसून सगळं तूच बोल. नूरीनला आधी सांगून ठेव, म्हणजे माझा आवाज ऐकून पोर घाबरायची नाही.

आणि एक मागते, तेवढं ऐक. हळदीला मी पुढंच बसेन, नूरीनच्या पाटाशी. तू गाताना मनस्वीकडं बघ. सवयीनं माझ्याकडं बघशील, मला माहीत आहे. ‘बाय’वर श्वास घ्यायला तू नेहमी माझ्याकडं बघायचीस, मी धरलंय ना म्हणून. तसं बघू नकोस. तू बघितलंस तर मी तोंड उघडेन गो. मला थांबवता येणार नाही. आणि त्यातून जे निघेल, ते आपल्या पोरीच्या हळदीत नको.

तुझ्यासाठी अजून सूर धरून बसलेली,
पुतळा