फील्ड कोणी करायची

१ एप्रिल १९६२, घाटंजी

आज पुन्हा फील्डच! दोन वर्षं क्लबात खेळतोय, बॅट काय ती हाताळून पाहिली तेवढीच. वकीलसाहेब कप्तान, त्यांचा मेहुणा ओपनिंगला, आणि मी, शंकरसिंग, भर उन्हात पार कुंपणापाशी. "तुमच्या तांड्यातल्या लोकांचे पाय चपळ," म्हणे. मग हातांना काय मेंदी लावलीय?

८ एप्रिल

मॅचनंतर चहा चालला होता. वकीलसाहेब चार लोकांसमोर म्हणाले, "शंकरसिंग, या वेळी आम्ही तुम्हाला फील्ड करतोय." हसून! वर पाठीवर थाप. मी कप खाली ठेवला. "फील्ड दुसऱ्या कोणाले करा. मी लय केली." बरं झालं — एकदाचा बोललो.

९ एप्रिल

वाटोळं केलं मी! मोहिउद्दीन आमचा विकेटकीपर, वकिलांची जीपही तोच दुरुस्त करतो. मला शोधत मी कामाला असतो त्या कापसाच्या जिनात आला. "अबे येड्या, ते क्रिकेटचं नव्हतं. जिल्हा परिषदेच्या इलेक्शनले तुले उभा करून राह्यले होते. इंग्रजीत त्यालेच फील्ड म्हणते."

आमच्या बापजाद्यांना कचेरीत कोणी बस म्हटलं नाही, आणि मी चालून आलेलं लाथाडलं. एका शब्दापायी! पण "उभं करतो" म्हणायला वकिलाची जीभ झडली होती का?

११ एप्रिल

इलेक्शनला माझ्या जागी फुलसिंग. माझा चुलतभाऊ, विकेट कशाशी खातात ठाऊक नाही त्याला. जमनी म्हणाली, "आता रुसून कायले बसता? भाकर खा." नाही खाल्ली. बायकोवर राग काढला, तोही चुकलाच.

१६ एप्रिल

फुलसिंग आला, मान खाली. वकिलांनी त्याला सांगितलंय — नुसता अर्ज भर, तांड्यातांड्यात फिर, लोक मागे आले की शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेऊन मेहुण्यासाठी बस. "मी काय करू भाऊ? बस म्हटलं की बसाव लागते."

म्हणजे माझाच अर्थ खरा होता! उन्हात पळायचं आम्ही, बॅट मेहुण्याची. अजून मुदत आहे. उद्या जाऊन अर्ज भरतो. मला कोणी उभं करायला नको. पाय आहेत — चपळ आहेत.

२५ एप्रिल

अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस. फुलसिंग बसला. कचेरीबाहेर येऊन जमलेल्या लोकांना म्हणाला, "मी बसलो. शंकरसिंगसाठी बसलो."

वकीलसाहेब भर उन्हात उभे होते, पार कुंपणापाशी.