बालवाडीतले तीस चमचे

९ नोव्हेंबर १९५९

तीस चमचे आले. साबणाची वडी नाही, हात पुसायला फडकं नाही, पण चमचे तीस! पोलादपूरहून कचेरीचा शिपाई सहदेव खोका डोक्यावर घेऊन आला आणि माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मीच मागवलेत. सोबत कागद – ‘बालवाडीतील मुलांस पेज व दूध स्वतः चमच्याने घेण्याची सवय लावावी.’ दोन-अडीच वर्षांची पोरं! ज्याने हे लिहिलं त्याने जन्मात एका पोराला भरवलेलं नसणार.

तपासणी २० जानेवारीला. पटावर निदान वीस मुलं हवीत आणि ती चमच्याने खाताना दिसायला हवीत. तसं झालं तर माझी नेमणूक कायम, आणि मग अवधूत माझ्याजवळ. जाऊबाईंनी महाडला स्पष्टच सांगितलंय – ‘कायम झालात की खुशाल न्या. तोवर पोराची फरफट नको.’ बरोबरच आहे त्यांचं. म्हणून तर जास्त राग येतो.

११ नोव्हेंबर

सव्वीस पोरं, सव्वीस तऱ्हा. चांगूने चमचा उलटा धरला आणि दांड्याने पेज ढवळत बसला. भिकूने कानात घालून पाहिला. ठमाबाईची नात आवडी – तिने तर कमालच केली. चमचा डाव्या हातात अगदी नीट, शहाण्यासारखा धरते आणि उजव्या हाताने खाते!

निम्मी पेज जमिनीवर. ती कुत्र्यांनी चमच्यावाचून व्यवस्थित संपवली.

१६ नोव्हेंबर

पंधराच आली.

१७ नोव्हेंबर

नऊ!! चांगूची आई राहीबाई वाटेत भेटली. विचारलं, पोर का नाही धाडलं? ‘झोडणी हाय नं बाई,’ म्हणाली आणि पाय उचलला. अडीच वर्षांची पोरं भात झोडतात होय? मी काय दूधखुळी आहे?

१९ नोव्हेंबर

कळलं एकदाचं. मुळाशी ठमाबाई. गावभर सांगत सुटली आहे – ‘चमचा तोंडात कवा जातो? मानूस जायला लागला म्हंजे. तवा पानी घालत्यात त्यानं. जितीजागती पोरं, त्यांच्या तोंडात कशाला तो?’

तशीच तणतणत तिच्या घरी गेले. म्हटलं, अहो, अख्खी मुंबई चमच्याने खाते. ‘मुंबैत मरत्यात पन लय,’ म्हणाली. तिचा मुलगा कोंडाजी तिकडे हॉटेलात होता, तो आतून म्हणाला, ‘आये, मी दोनशे चमचे पुसायचो रोजचे.’ – ‘म्हनून तर असा वाळून आलास!’ संपलं.

मी जंतांचं सांगितलं, हातावरच्या घाणीचं सांगितलं. म्हणाली, ‘मंग हात धू म्हन. हात धुतो. चमचा नाय.’ खरं तर बिनतोड होतं. तिच्यापुढे अर्थात कबूल केलं नाही.

शेवटी तीच म्हणाली, ‘तू खा गो आधी. आठ दिस, हितं माज्या ओटीवर, समद्यांम्होरं. तुला काय झालं नाय तर धाडू पोरं.’

रागाच्या भरात हो म्हणून आले.

२० नोव्हेंबर

ओटीवर पंधरा-वीस बायका. पोरं कडेवर. ठमाबाईने पेज वाढली. मी चमचा भरला, उचलला – आणि हात थांबला.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या तोंडात मीच पळीने पाणी घातलं होतं. ते गालावरून ओघळलं. अवधूत सहा महिन्यांचा होता, मांडीवर. त्यानंतर मी चमचा तोंडाला लावलेला नाही, हे मला आज, त्या ओटीवर बसल्यावर कळलं. सकाळपर्यंत मी ठमाबाईला अडाणी म्हणत होते.

खाल्लं. सगळ्या टक लावून बघत होत्या. चव कसली होती ते आठवत नाही.

२२ नोव्हेंबर

आज कुळथाची पिठी, भाकरी. चमच्याने भाकरी कशी खायची ते कागदात लिहिलेलं नाही! कुस्करून कालवली आणि ढकलली. बायका आता तांदूळ निवडायला घेऊन येतात. माझं मरण बघताना वेळ फुकट जायला नको.

२४ नोव्हेंबर

शिंक आली. तीन जणी उठून उभ्या राहिल्या.

२५ नोव्हेंबर

पडसंच आलं. आत्ताच यायचं होतं! डोकं जड, नाक बंद, आणि समोर पोरांना पदराखाली झाकून घेतलेल्या बायका. रडूच यायचं बाकी होतं. वाटलं, संपलं – नोकरी गेली, पोरही गेलं. ठमाबाईने आल्याचा काढा आणून समोर आदळला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘पडशानं कोन मरत नाय. ह्ये धरायचं नाय.’

बाई कडक आहे, पण लबाड नाही.

२७ नोव्हेंबर

आठवा दिवस. जिवंत आहे.

मी खात होते आणि आवडी सरकत सरकत मांडीशी आली. चमच्याकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हिसकावलाच! पेजेत बुचकळला, सरळ तोंडात. उजव्या हाताने! काढून घ्यायला गेले तर असा टाहो फोडला की कोंडाजी आतून धावत आला. मग भिकूलाही हवा, चांगूलाही हवा. मी शिकवून शिकवून थकले, तेव्हा कोणी ढुंकून बघितलं नाही. मी आपली मुकाट खात बसले तर सगळ्यांना हाव सुटली.

ठमाबाई एवढंच म्हणाली, ‘धाडा आता.’

१४ डिसेंबर

चोवीस. पण सुख नाही. चांगूने एक चमचा विहिरीत टाकला. दोन वाकले, एकाचा पत्ता नाही. माझ्या दोन्ही पातळांवर पेजेचे डाग. भिकू तोंडापर्यंत नेतो आणि ऐन वेळी मान वळवतो. रोज! चिडून आज त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तो रडला नाही, मीच ओसरीत जाऊन बसले.

३ जानेवारी १९६०

जाऊबाईंचं पत्र. ‘अवधूत आता पाटावर बसून आपल्या हाताने जेवतो. माझ्या तिघांच्या पंगतीत त्याचाही पाट असतो. काळजी नसावी.’

चार वेळा वाचलं. इथे चोवीस पोरांच्या हनुवट्या मी पुसते आणि माझा कधी जेवायला शिकला ते मला पोस्टाने कळतं. राग आला – कुणाचा ते ठरवता येईना. दिवाळीत गेले तेव्हा दोन दिवस लाजत होता. मुलं लाजतातच. प्रशिक्षणाचं वर्ष धरून दीड वर्ष झालं की मी घर सोडून. आता सतरा दिवस.

२० जानेवारी

झाली तपासणी! अलिबागहून बाई आल्या. चोवीस जण ओळीने बसले, चोवीस जणांनी खाल्लं. भिकूने चमच्याने त्यांच्या गुडघ्यावर एकदा ठोकलं, तेवढंच. शेऱ्यात ‘सवय उत्तम’ असं लिहिलं. नंतर ठमाबाईच्या ओटीवर बाईंनी पिठी-भाकरी खाल्ली. हाताने, बोटं चाटून.

१० फेब्रुवारी

कागद आला. कायम! कायम! कायम!

ठमाबाईला सांगितलं. मुलाचं तिला ठाऊक होतंच, बायकांपासून काही लपत नाही. म्हणाली, ‘आन गो त्याला. चोवीस हायत, पंचविसावं जड नाय.’

१५ फेब्रुवारी

आणला. जाऊबाईंनी कपडे घडी करून दिले, लाडू बांधले. एस.टी. हलली तेव्हा त्या खांबाआड गेल्या. हा पोलादपूरपर्यंत रडला, मग माझ्या खांद्यावर झोपला. किती जड झालाय! त्याच्या मानेचा वास अजून तोच आहे. रात्रभर शेजारी नुसती बघत पडले.

१८ फेब्रुवारी

तीन दिवस झाले. माझ्या हातचा एक घास नाही. चमच्याने नाही, हाताने नाही, लाडूसुद्धा नाही. आवडी शेजारी बसून खात होती, तिच्याकडेही बघत नाही. एकच धोशा – ‘आईकडे जायचं.’ मी म्हटलं, अरे राजा, मीच आई. त्याने माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाला, ‘नाही. तू बाई.’

ठमाबाईला उद्याची पेज घालायला सांगून आले. सकाळच्या गाडीने त्याला महाडला सोडून येते.