‘ठ’मधली खाच

१४ मार्च, मंगळवार, दुपार

दादा,

वाकून नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत, तुझं तू कळव. आईचा गुडघा हल्ली बाराव्या पायरीवर कुरकुरतो, आधी नाही. तुझी कॉट भिंतीपासून चार बोटं होती तशीच आहे; मोजली, उगाच का तू मला फूटपट्टी म्हणायचास. आठवीत शाळा सुटली तरी मी शुद्धलेखन सोडलेलं नाही, म्हणून हे पत्र आधी कच्चं लिहून, शब्दकोश बघून उतरवतो आहे. दुपारचा घरी कसा, ते पुढे येईल.

बस स्थानकावर ‘बैठक कक्ष’ असा नवा फलक लागला. जाडजूड अक्षरं, नुसती वर्तुळं आणि सरळ पट्ट्या, जणू अंतराळयानातून उतरलेली. आई थबकली. “अगंबाई, ही तर आपल्या थोरल्याची!” मी म्हणालो, “चल, बस सुटेल.” बसला वीस मिनिटं होती.

फलक आमच्याच कारखान्यात कापला. त्यातल्या ‘ठ’च्या पोटाला उजवीकडे बारीक खाच आहे. गिऱ्हाइकं म्हणतात, काय पुढच्या जमान्यातलं वाटतं! मालक म्हणतात, “डोकं लागतं त्याला.”

डोकं नाही, ब्लेड लागलं होतं. तुझी अक्षरांची वही चाळताना माझ्या बोटाचं मशीनचं तेल त्या पानावर पडलं. ते खरवडायला गेलो आणि शाईचा कपचा निघाला. स्कॅनरने पान जसं होतं तसं उचललं.

म्हणजे वही कारखान्यात मीच नेली होती.

मालक म्हणाले होते, “काहीतरी नवीन आण, झाडलोटीवरून उचलून यंत्रावर बसवतो.” मला वाटलं, तुझंही नाव होईल. “नावाचं नंतर बघू,” म्हणाले. आठवड्याने वही तुझ्या कपाटात ठेवली, होती त्याच कोनात. तुला कळलंच नाही.

काही महिन्यांनी तू ती अक्षरं संगणकासाठी फॉन्ट विकणाऱ्या कंपनीला पाठवलीस. उत्तर आलं, ही आधीच बाजारात आहेत, नक्कल पाठवू नये. त्या दिवशी जेवताना तू म्हणालास, “कुठेतरी बघितलं असणार रे. माझा हातच चोर निघाला.” दोन दिवसांनी कंपास माझ्यापुढे सरकवलास. “घे रे फूटपट्टी, मला नको आता.” आणि घर सोडून गेलास.

चोर तुझ्या समोर बसून जेवत होता, दादा. दुसऱ्यांदा वाढूनही घेतलं त्याने.

आठ महिने झाले. तू गोदामात खोकी उचलतोस, पेन्सिलीला शिवत नाहीस, असं तुझ्या खोलीतल्या सोबत्याने आईला सांगितलं. ती माझ्याकडे बघत होती. मी पाणी प्यायला उठलो.

वही सोबत आहे. ‘ठ’चं पान उजेडाकडे धर, तेलाचा डाग दिसेल. त्या पानाचा फोटो आणि सगळी हकिकत काल सहीनिशी कंपनीला पाठवली. आज सकाळी मालकांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. “यंत्र बंद कर आणि नीघ.” अर्धा कापलेला ‘ठ’ पट्टीवर तसाच राहिला.

आईला संध्याकाळी सांगेन. तिला आधी सांगायला हवं होतं का, तेही कळत नाही.

खाली ‘तुझा’ लिहायचं की नाही, ते मला ठरवता येत नाही. तेवढी जागा मोजून मोकळी सोडली आहे.

                    फूटपट्टी