सभेच्या दिवशीची गोळी

मु. कळवा

प्रिय आबा,

सविनय जयभीम. दवाखाना छान चाललाय, वेळेवर जेवते.

काल एक कीर्तनकार आले. पाय सुजलेले, आडवं झालं की धाप लागते, तीन उशांशिवाय झोप नाही. औषधं नियमित घेतो म्हणाले.

"कीर्तनाच्या दिवशीही?"

ते हसले. "लघवीची गोळी घेऊन दोन तास उभा कसा राहू, डॉक्टर?"

मी भडकलेच. जगाला जागं करायचं आणि स्वतःच्या हृदयाला फसवायचं? मग समजावलं, कीर्तन आटोपल्यावर गोळी घ्या, पण चुकवू नका.

आबा, गोळी तुमचीही तीच, आणि जयंतीच्या महिन्यात तुमची रोज सभा. फोनवर तुमचं वाक्य धापेनं मध्येच तुटतं. तुम्ही "ठणठणीत आहे" म्हणाल, म्हणून आईलाच वेगळं लिहिलंय: आबा हल्ली किती उशा घेतात?

तुमचीच, तुमच्यासारखीच हट्टी,
अमृता