मला चित्रपट पाहण्याची आवड आहे

५ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर आवाज चढवला की तू फोन ठेवतेस, म्हणून पत्र. तुझ्या भावाने माझं वाटोळं केलंय!

मी ब्लॉग लिहिते, तुला माहीतच आहे. सिनेमे पाहायचे आणि त्यांची, माझी, शेजारच्या खुर्चीतल्या घोरणाऱ्याची टिंगल करायची. नाव ‘पहिल्या रांगेतली मान’. त्यात स्वतःची ओळख लिहिली होती: ‘मी सिनेमावेडी. घरचे ‘सिनेमा’ गाळून म्हणतात. मध्यंतराआधी रडून घेते, म्हणजे नंतर खायला मोकळी.’ ती वाचून एका वर्तमानपत्राच्या संपादिकाबाईंनी विचारलं, रविवारचं सदर लिहाल का? फक्त वरिष्ठांना ब्लॉग दाखवते म्हणाल्या. मी हवेत! बाबांना म्हटलं, एवढं ऱ्हस्व-दीर्घ बघा, आणि पासवर्ड दिला.

जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस तो. त्यांनी काय करावं? ‘मला चित्रपट पाहण्याची आवड आहे. भावुक प्रसंगी गहिवरून येते. मध्यंतरात अल्पोपाहार घेते.’ अल्पोपाहार, आत्या! वरिष्ठांनी नेमकं तेच वाचलं. त्यांना तो शाळेतला निबंध वाटला म्हणे. सदर गेल्यात जमा. मी बाबांशी बोलणं टाकलंय. तू मोठी बहीण आहेस, चांगली खरडपट्टी काढ.

तुझा लोभ बाबांकडे वळू देऊ नकोस, एवढीच विनंती.

तुझी भाची

१० जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

अल्पोपाहार वाचून मी इतकी हसले की शेजारीण धावत आली. पण अगं शहाणे, पासवर्ड दिलासच कशाला? माझ्या लग्नाच्या निमंत्रणातही त्याने माझ्या सासऱ्यांच्या चुका काढल्या होत्या.

त्याला फोनवर चांगलं झापलं. म्हणाला, तसंच ठेवलं असतं तर लोक हसले असते. लोकांनी हसावं म्हणूनच ती लिहिते रे बाबा, म्हटलं. मग हळूच म्हणाला की पोरीला कुणी वेडी म्हटलेलं त्याला सहन होत नाही. तू रडत बसू नकोस. दोन्ही ओळखी बाईंना पाठव आणि जरा तोंड वाजव.

लोभ दोघांवर आहे, पण आज तुझ्यावर पळीभर जास्त.

तुझी आत्या

२३ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दोन्ही ओळखी शेजारी शेजारी ठेवून पाठवल्या. वरिष्ठ खुर्चीतून पडायचेच बाकी होते म्हणे. सदर मिळालं! पण कसं? डावीकडे मी आणि उजवीकडे बाबांनी सुधारलेली मी, दर रविवारी. वर बाई म्हणतात की सुधारलेली जास्त मजेदार आहे! मी नुसती धुमसत होते.

मग बाई फोनवर म्हणाल्या, नाव मात्र तुमचं एकटीचं. तपासणाऱ्याचं नाव छापायची पद्धत नाही. आणि शेजारी ऐकत बसलेले बाबा लगेच, बरोबर आहे म्हणाले! इतक्या पुस्तकांवरून त्यांचा हात फिरला, एकावरही नाव नाही, आणि त्यांना त्यात काही वावगंच वाटत नाही. माझं डोकंच फिरलं. बाईंना ठणकावून सांगितलं, दोघांची नावं, नाहीतर मला सदरच नको. फोन ठेवला आणि वाटलं, हातचं घालवलं की काय.

काल पहिलं मुद्रित तपासायला घरी आलं. वर दोन नावं. बाबांनी चष्मा पुसला आणि आपलं नाव कितीतरी वेळ वाचलं. हातात पेन्सिल होती, पण पानभर कुठेही खूण केली नाही.

लोभ आता आम्हा दोघांत सारखा वाटून टाक.

तुझी भाची