बुरखा नाही, बिर्याणी नाही

२ मार्च २०१४, रविवार
निश्चय झाला. आम्हा मुसलमान बायकांबद्दलचे लोकांचे सगळे गैरसमज एका छोट्या कॉमेडी फिल्मने संपवायचे. मार्चअखेरपर्यंत. फिल्ममेकिंगचा वीकएंड कोर्स झालाय, आता सबब नाही. नियम: बुरखा नाही, बिर्याणी नाही, तलाक नाही. इम्तियाज म्हणाला, मग उरलं काय? नवऱ्यांना कला कळत नाही. (हा गैरसमज नव्हे, अनुभव.)

८ मार्च
स्क्रिप्ट पूर्ण. नायिका मूळची चिपळूणची, इथे परदेशात इंजिनियर. जो तो तिला म्हणतो, मुसलमान असून मराठी किती छान बोलता! वाचताना मी स्वतः खूप हसले. इम्तियाज ऐकता ऐकता झोपला. दमला असेल.

९ मार्च
नायिका मिळाली. चैत्राली, पुण्याची, इथे पोस्टडॉक. घेतली, कारण ती अजिबात मुसलमान वाटत नाही. कॅमेरा करणाऱ्या रोहनने विचारलं, मुसलमान वाटणं म्हणजे काय? मी लाइटिंगबद्दल बोलायला लागले.

१४ मार्च
दापोलीहून सासूबाई आल्या, महिनाभरासाठी. विसरलेच होते. बुरख्यात! उद्या शूटिंग, आमच्याच चोआ चू कांग भागातल्या फ्लॅटमध्ये. मार्ग निघेल.

१५ मार्च
निघाला. म्हटलं, अम्मी, आवाजाचा प्रॉब्लेम होतो, तुम्ही बेडरूममध्ये बसा, दार लावून घेते. त्या म्हणाल्या, नुसतं बघू पण नको? म्हटलं, डोळ्यांना लाइट लागेल. हे खरंच आहे. बहुतेक.
किचनच्या सीनचे टेकवर टेक. कोणीही हसलं नाही. युनिट प्रोफेशनल आहे.

१६ मार्च
ब्रेकमध्ये युनिट गायब. बेडरूममध्ये सापडलं. सासूबाई पलंगावर, समोर नारळाच्या वड्या, चैत्राली हसून हसून डोळे पुसतेय. एअरपोर्टवरच्या ऑफिसरची गोष्ट रंगली होती. सगळ्यांना बाहेर काढलं. कॉमेडी ही गंभीर गोष्ट आहे.

३० मार्च
एडिटिंग संपलं. साउंड नीट ऐकायचा राहिला, लॅपटॉपचा स्पीकर खराब. मोठ्या हॉलमध्ये साउंड आपोआप सुधारतो.

६ एप्रिल
फिल्मचा पहिला शो. पाया लेबार भागातला हॉल भरला होता. सासूबाईंना मागे बसवणार होते. हा मराठी कार्यक्रम ठेवणाऱ्या शुभाताईंनी त्यांना हाताला धरून पहिल्या रांगेत नेलं.
माझ्या विनोदांना शांतता. लोक विचार करत असावेत. मग किचनचा सीन. चैत्राली म्हणते, आम्ही मोकळ्या बायका आहोत. पॉज. आणि त्या पॉजमध्ये, दारापलीकडून, फोनवर बहिणीशी बोलणाऱ्या सासूबाई: अगो, मुसलमान बायकांना घरात कोंडत नाहीत, असा पिक्चर काढत्येय आमची सून. मी? मी आत बसल्येय. दार लावलंय तिने.
हॉल हसून कोसळला. पुढचं काहीच कोणाला ऐकू आलं नाही.
शुभाताईंनी स्टेजवर विचारलं, हे मुद्दाम ठेवलंत ना? म्हटलं, अर्थात! सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग माईक मागून घेतला आणि म्हणाल्या, हुशार आहे आमची सून.
मला वर बघवेना.

१२ एप्रिल
प्रेक्षकांतल्या एका बाईंचा छोटा फेस्टिव्हल आहे. त्यांचा मेल आला. फिल्म निवडली! विभाग: माहितीपट.
सासूबाई बॅग भरत होत्या. म्हणाल्या, माहितीपट म्हणजे काय गो? सांगितलं, जे खरंच घडलं, ते दाखवतात. त्या हसायला लागल्या. म्हटलं, अम्मी, मी कॉमेडी केली होती. त्या पलंगावरच बसल्या, पदर तोंडाला.
माझ्या वाक्यावर घरात पहिल्यांदाच कोणी हसलं.